कोथरूडची लाईन, पहाटे साडेचार

दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत रोज सकाळी दूध येऊन पडतं. ते कोणत्या क्रमानं येतं आणि तो क्रम कुणाच्या डोक्यात असतो? पौड रोडवरच्या एका दुधाच्या लाईनबरोबर घालवलेल्या काही पहाटा...

पुणं पहाटे साडेचारला बघितलंय कधी? थर्टी फर्स्टच्या पार्टीहून परतताना कॅबच्या काचेतून बघितलेलं धरायचं नाही हं. नीट, दोन पायांवर उभं राहून, हातात चहाचा कप घेऊन?

बघाच एकदा. पौड रोड अशा वेळी चक्क रुंद वाटतो. वनाझचं मेट्रो स्टेशन अंधारात एखाद्या मोठ्या बंद कपाटासारखं उभं असतं. सिग्नलचे पिवळे दिवे आपले उगाच लुकलुकत असतात, त्यांच्याकडे बघणारं कुणी नसतं. आणि एका गल्लीच्या तोंडाशी अचानक धाड-धाड-धाड! टेम्पोतून प्लॅस्टिकचे क्रेट उतरत असतात. चितळे, कात्रज, गोकुळ, अमूल... दिवसा ज्या ब्रँडवरून पुणेकर तावातावानं वाद घालतात, ते सगळे इथे एकाच फुटपाथवर गुण्यागोविंदानं एकावर एक बसलेले. पेपरवाल्यांच्या पुरवण्या भरून होत आलेल्या असतात. टेकडीवर जाणारी मंडळी अजून तासभर तरी उगवणार नसतात.

या वेळचं कोथरूड म्हणजे एक वर्कशॉप असतं. तुम्ही-आम्ही साडेसातला दार उघडतो तेव्हा त्याचं शटर पडलेलं असतं.

मराठीत या सगळ्याला एक फर्स्टक्लास शब्द आहे. रतीब. अरबीतून आलेला, पण इतका मुरलेला की गवळ्याची घागर जाऊन पिशवी आली तरी शब्द काही गेला नाही. रतीब म्हणजे रोजचं ठरलेलं. पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, ते. आणि रतीबाचा जुळा भाऊ म्हणजे खाडा. ज्या दिवशी नको, तो दिवस. आजकालची सॉफ्टवेअरं ज्याला ‘रिकरिंग ऑर्डर’ आणि ‘स्किप’ म्हणतात, त्याचं अख्खं व्याकरण आपल्या आज्जीनं कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीनं फुल्या मारून चालवलेलं होतं.

मी ज्या गाळ्यावर जात होते तो कोथरूड डेपोच्या अलीकडे, एका गल्लीत आहे. मालक काका साठीचे. त्यांच्या तीन लाईन. एक मयूर कॉलनीकडची, एक डहाणूकरची आणि तिसरी पौड रोडनं वर, भुसारी कॉलनीपर्यंत. पहिल्या दोन लाईनवर पोरं बदलत असतात. तिसरीवर मात्र वीसएक वर्षं एकच माणूस. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा महिनाअखेरीला मुळशीकडच्या आपल्या गावी कायमचे निघाले होते. गुडघे बोलायला लागले होते, दुसरं काय!

आणि प्रॉब्लेम असा की तिसरी लाईन कुठेही लिहिलेली नव्हती.

म्हणजे वही होती. काकांकडे लाल कापडी बाइंडिंगची वही होतीच. नाव, बिल्डिंग, गायीचं की म्हशीचं, अर्धा की एक लिटर, आणि पुढे महिन्याचे ३१ चौकोन. पण वहीत गिऱ्हाइकं होती, लाईन नव्हती. कोणत्या घरानंतर कोणतं घर, कोणत्या गेटनं आत, कुठे पिशवी अडकवायची, कुठे बेल वाजवली तर खैर नाही, हे सगळं मामांच्या डोक्यात. डोक्यातही नाही खरं तर, पायात. मी एकदा मामांना विचारलं, सतरा नंबरनंतर कुठे जाता? मामा गोंधळले. “ते असं सांगता येत नाय मॅडम. तिथं गेलं की पुढचं आपोआप येतं.”

म्हणून काकांच्या भाच्यानं सॉफ्टवेअर आणलं. भाचा हिंजवडीत नोकरीला. शनिवार-रविवारी मामाच्या, म्हणजे काकांच्या, गाळ्यावर लॅपटॉप उघडून बसायचा. (तिथे मामा म्हणून हाक मारली की दोघं वळायचे. हा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही.)

आता जरा टेक्निकल होऊया. घाबरू नका, चहा संपायच्या आत आटपते.

रोजच्या डिलिव्हरीचं सॉफ्टवेअर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतं आणि त्या वेगळ्या ठेवणं यातच निम्मी हुशारी आहे. एक, नियम: कुणाला, काय, किती आणि कोणत्या वारी. दोन, अपवाद: खाडा, जादा, बदली. तीन, क्रम: कुणाच्या आधी कोण. रोज रात्री ठरलेल्या वेळी हे तिन्ही एकत्र घोटले जातात आणि उद्याची यादी बाहेर पडते. काकांनी ती वेळ रात्री नऊची ठेवली होती, कारण त्यानंतर वर डेअरीच्या डिस्ट्रिब्युटरला आकडा बदलून सांगता येत नाही. नऊनंतर आलेला ‘उद्या नको’ हा काकांसाठी शिल्लक पिशवी असतो आणि शिल्लक पिशवी म्हणजे थेट खिशाला भोक.

यातलं नियम आणि अपवादाचं गणित इंटरनेटवाल्यांनी फार पूर्वी मांडून ठेवलंय. १९९८ साली आयकॅलेंडर नावाचं एक स्टँडर्ड ठरलं, २००९ मध्ये ते सुधारलं. तुमच्या फोनमधल्या कॅलेंडरला ‘दर सोमवारी दहा वाजता मीटिंग’ असं सांगता, त्यामागे हीच पद्धत. दर सोमवारचा नियम एका ओळीत आणि रद्द झालेल्या तारखा दुसऱ्या ओळीत. नियमाला हात लावायचा नाही, फक्त तारीख वगळायची. तुम्ही एखादी मीटिंग डिलीट करायला गेलात की फोन विचारतो ना, फक्त ही, की यापुढच्या सगळ्या? दुधाच्या धंद्यातली निम्मी भांडणं या एका प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे होतात. गिऱ्हाईक म्हणतं, “दूध बंद करा.” उद्यापुरतं की कायमचं? वहीत फुली एकाच दिवसावर पडते, म्हणून वहीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. सॉफ्टवेअरला पडतो. भाच्यानं पहिल्याच आठवड्यात चार दिवस कोकणात गेलेल्या एका कुटुंबाचा नियमच उडवला. पाचव्या दिवशी त्या घरात चहा नाही. कोथरूडमध्ये सकाळी चहा नसणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको!

दिवसाआड दूध घेणाऱ्यांची तर वेगळीच गंमत. दोन माणसांचं घर, रोज लागत नाही. वहीत मामा-काकांचा शॉर्टकट होता, विषम तारखा. १, ३, ५, ७... झकास चालतं. पण ३१ तारीख विषम आणि लगेच दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषम! लागोपाठ दोन दिवस दूध. मामा त्या दिवशी आपल्या मनानंच एक तारीख गाळायचे आणि तिथून पुढे सम तारखा धरायचे. सॉफ्टवेअरमध्ये ‘दर दोन दिवसांनी’ असा नियम टाकला की हा लोचा संपतो. मोजणी तारखेवरून नाही, सुरुवातीच्या दिवसापासून होते.

पण मग दुसरा लोचा सुरू होतो. समजा या घरी ५, ७, ९ असं दूध येतं. मंडळी चारला गावाला गेली, सातच्या रात्री परतली. फ्रिज रिकामा. आठला सकाळी दूध हवं. सॉफ्टवेअर म्हणतं, तुमचा दिवस नऊ. नियमानं ते बरोबरच आहे. माणसाच्या हिशोबानं साफ चूक. अशा वेळी जुना नियम चारला संपवायचा आणि आठपासून नवा सुरू करायचा, हा उपाय. भाच्याला तो शोधायला एक अख्खा रविवार लागला. मामांना कळलंच नाही की यात शोधण्यासारखं काय आहे. “माणसं आली, फ्रिज मोकळा, मग दूध टाकायचं. त्यात काय!”

आणि तिथी? जगातल्या कुठल्याही रिकरिंग नियमात ‘दर कोजागरीला दोन लिटर जादा’ असं लिहायची सोय मी तरी बघितली नाही. कोजागरी २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १६ ला, २०२५ मध्ये ६ ला. त्या रात्री कोथरूडच्या प्रत्येक गच्चीवर मसाला दूध उकळतं आणि काकांचा वर्षातला सगळ्यात मोठा आकडा त्या दिवशी लागतो. संकष्टीला जादा घेणारी घरं वेगळी, एकादशीची वेगळी. शेवटी भाच्यानं कालनिर्णय समोर ठेवून वर्षभराच्या तारखा हातानं भरल्या. दर वर्षी भराव्या लागणार. चंद्राला अजून कुणी सबस्क्रिप्शन प्लॅनमध्ये बसवलेलं नाही.

हे झालं नियम आणि अपवादांचं. खरी मजा क्रमाची.

तुमच्याकडे दहा घरं आहेत आणि प्रत्येक घरी एकदा जायचंय. किती वेगवेगळ्या क्रमांनी जाता येईल? ३६ लाख २८ हजार ८००. पंधरा घरं केलीत की आकडा एक लाख तीस हजार कोटींच्या पुढे जातो. मामांच्या लाईनवर १३६ घरं होती. यातला सर्वांत आखूड क्रम एक-एक तपासून काढायचा म्हटलं तर कुठलाही कॉम्प्युटर हात टेकेल. गणितवाल्यांनी यावर भरपूर डोकं लावलंय. डँझिग आणि रॅमसर या दोघांनी १९५९ साली पेट्रोलचे टँकर डेपोतून पंपांवर कसे धाडावेत यावर पेपर लिहिला आणि तिथून या विषयाची एक शाखाच सुरू झाली. आजची सॉफ्टवेअरं परफेक्ट उत्तर शोधायच्या फंदात सहसा पडत नाहीत. बऱ्यापैकी चांगलं उत्तर काही सेकंदांत देतात. स्क्रीनवर एक बटण असतं, ऑप्टिमाईज. ते दाबलं की क्रम तयार.

भाच्यानं दाबलं.

आलेला क्रम बघून मामा इतके हसले की चहा सांडला. त्यात होतं ते असं: एका सोसायटीच्या ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक पिशवी. मग बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर. मग परत ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. मग पुन्हा बी. का? कारण भाच्यानं १३६ घरांच्या १३६ पिना टाकल्या होत्या आणि नकाशाला मजले नसतात! त्याच्या दृष्टीनं ही सगळी घरं एकमेकांना चिकटलेली. मध्ये चार मजले उतरून चढायचे आहेत, हे त्याला कोण सांगणार? त्यावर उपाय साधा होता. घर हा थांबा नाही, विंग हा थांबा. १३६ घरांचे ३१ थांबे झाले. विंगच्या आतला क्रम हातानं ठरवून पक्का केला. लिफ्ट असेल तर सगळ्यात वर जायचं आणि वाटत वाटत जिन्यानं खाली यायचं.

दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि या वेळी मामा हसले नाहीत.

मामांचा क्रम असा होता की आधी खालची घरं, वनाझच्या आसपासची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची. मग थोडं वर, पुन्हा दोन्ही बाजू. मग अजून वर. पौड रोड चांदणी चौकाकडे चढत जातो, हे पायी किंवा सायकलवर गेल्याशिवाय लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर म्हणालं, डावीकडची घरं करत थेट भुसारी कॉलनीपर्यंत वर जा, तिथे एकदाच वळा आणि दुसऱ्या बाजूची घरं करत खाली या. मोठा रस्ता एकदाच ओलांडायचा. उजवं वळणही एकच. अमेरिकेतली यूपीएस ही कुरिअर कंपनी आपल्या गाड्यांना डावी वळणं शक्यतो टाळायला लावते, कारण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि डावीकडे वळताना समोरची वाहतूक कापावी लागते. आपल्याकडे तोच न्याय उजव्या वळणाला. मामांच्या क्रमात रस्ता पाच वेळा ओलांडला जायचा.

भाच्यानं विचारलं, “मामा, तुम्ही खालची दोन्ही बाजूंची घरं आधी का करता?”

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “सायकल होती तवा. चढाच्या आधी वजन कमी करायचं.”

सायकल जाऊन स्कूटर येऊन किती वर्षं झाली होती! वजनाचं कारण संपलं, क्रम राहिला. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातलं हे वाक्य सगळ्यात भारी वाटलं. कारण त्यानंतर भाच्यानं एक काम केलं जे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही केलेलं नव्हतं. प्रत्येक थांब्यापुढे ‘नोट’ म्हणून एक रिकामी जागा होती. त्यानं त्या जागेला नवं नाव दिलं, ‘का?’

पुढच्या तीन पहाटा मामा पुढे, स्कूटरवर त्यांच्या मागे फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून भाचा, आणि त्यांच्यामागे माझी ॲक्टिव्हा. प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न. इथे आत्ता का? आधी का नाही? नंतर का नाही?

उत्तरं ऐकण्यासारखी होती. इथल्या आज्जी साडेपाचला टेकडीवर जातात, त्याआधी पिशवी हवी. इथे तान्हं बाळ आहे, बेल वाजवायची नाही. इथला मुलगा नाइट शिफ्ट करून पाचला येतो, तो स्वतःच खाली पिशवी घेतो, वर जायची गरज नाही. या गेटचा वॉचमन पाचच्या आधी कुलूप काढत नाही, म्हणून पलीकडची विंग आधी. या बंगल्यातला कुत्रा पेपरवाल्यावर भुंकून दमलेला असतो, म्हणून पेपरच्या नंतर जायचं! म्हणजे दुधाच्या लाईनचा क्रम पेपरच्या लाईनवर अवलंबून. हे कुठलं बटण ओळखणार?

आणि काही उत्तरं सायकलसारखी निघाली. एका बिल्डिंगला मामा मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचे, कारण समोर मेट्रोचे पत्रे लावलेले होते. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, पत्रे केव्हाच गेले, वळसा राहिला. एका सोसायटीला मुद्दाम शेवटी जायचे, कारण तिथला जुना वॉचमन उशिरा उठायचा. वॉचमन बदलून चार वर्षं झालेली. चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला. त्या काळात टेम्पो यायची वेळ पुढे-मागे व्हायची, म्हणून वरच्या चार घरांना मामा सहानंतर दूध टाकायला लागले. नवे रस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. टेम्पो वेळेवर येऊ लागला. त्या चार घरांचं दूध मात्र सहानंतरच येत राहिलं आणि त्यांनीही कधी तक्रार केली नाही. सवय हो!

तीन दिवसांत ३१ थांब्यांपुढे ३१ कारणं जमली. त्यातली बावीस जिवंत, नऊ मेलेली. बावीस सॉफ्टवेअरला नीट सांगितली. अमुक थांबा पाच दहाच्या आत, तमुक पाचच्या नंतरच, अमक्याच्या आधी तमकं नाही. याला ते ‘टाइम विंडो’ म्हणतात. मग तिसऱ्यांदा ते बटण. या वेळी आलेला क्रम ना मामांचा होता, ना मशीनचा. मामांनी तो बोटानं एक-एक ओळ खाली सरकवत वाचला. दोन ठिकाणी मान हलवली, तिथे हातानं बदल केला. मग म्हणाले, “चालतंय.” लाईन जवळपास वीस मिनिटांनी आखूड झाली होती.

इथे मला एक प्रश्न सतत छळत होता. लाईन कुणाची?

या धंद्यात लाईन ही चीज विकली-घेतली जाते, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. पेपरची लाईन असो की दुधाची, घरं मोजून भाव ठरतो. काकांनीही ही तिसरी लाईन कधीकाळी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतलेली. घेताना जुना मालक दहा-पंधरा दिवस नव्या माणसाबरोबर फिरतो, त्याला ‘घरं दाखवणं’ म्हणतात. म्हणजे पैसे मोजायचे ते गिऱ्हाइकांच्या यादीचे आणि सोबत दाखवलेल्या वाटेचे. मामा पगारी माणूस. त्यांच्याकडे विकायला यादी नव्हती. वाट होती. आणि ती तीन पहाटांत फोनमध्ये उतरली.

मी काकांना सरळ विचारलं, मामांना याचं वेगळं काही? काका जरा अवघडले. मग म्हणाले की निघताना दोन पगार जादा देणार आहेत, दिवाळीही पोचवणार आहेत. काका काही वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोक्यात हा हिशोब कधी आलाच नव्हता इतकंच, आणि वहीच्या जमान्यात यायचं कारणही नव्हतं. वही घेऊन कुणी लाईन चालवू शकत नव्हतं, मामांशिवाय पान हलत नव्हतं. आता हलेल.

मामांना विचारलं तर ते आधी म्हणाले, “घरं शेठची आहेत, मला कशाला?” चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, “पण चाललो तर मीच ना, मॅडम.”

याच गोष्टीची मोठी आवृत्ती आपण शहरात बघून झालोय. मध्यंतरी सकाळच्या दुधाची ॲप्स जोरात आली होती. पुण्यातली रेनकॅन २०१८ मध्ये बिगबास्केटनं विकत घेतली. सुपर डेलीनं मे २०२२ मध्ये पुणे-मुंबईसकट पाच शहरांतलं काम थांबवलं. काकांची काही घरं तिकडे गेली आणि मग वहीत परत आली. तोटा का झाला असेल यावर एमबीए मंडळी पानं भरतील. काकांचं उत्तर एका वाक्याचं आहे. “एका टॉवरमध्ये वीस घरं असतील तर सोनं, दोन असतील तर पेट्रोल.” आता काही मिनिटांत सामान आणणारी ॲप्स आहेत. ती वाट्टेल तेव्हा येतात, पण त्यांना बोलवावं लागतं. रतीब न बोलावता येतो. आणि त्या सगळ्या कंपन्यांमध्ये वाट कंपनीची, पाय भाड्याचे. काकांच्या गाळ्यात आता तेच सुरू झालंय, फक्त लहान प्रमाणात आणि जरा जास्त माणुसकीनं.

सॉफ्टवेअर वाईट का मग? मला नाही वाटत. आधीच्या दोन महिन्यांत वहीतून बिल काढताना खाड्यांवरून अकरा घरांशी वाद झाले होते, सॉफ्टवेअरच्या पहिल्या महिन्यात एकाशी. मामांना आजारी पडायची सोय नव्हती, वीस वर्षांत नव्हती. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा लाईन टाकून मगच ते मांडवात गेले होते. हे ते अभिमानानं सांगतात आणि ऐकताना आपल्याला कळत नाही, कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं. नव्या पोराला रविवारी सुट्टी मिळणार आहे, कारण कुणीही फोन बघून ती लाईन टाकू शकतो. नेमक्या याच कारणासाठी त्याला कधीही काढताही येईल. दोन्ही एकाच वाक्यात खरं आहे, आणि मी भाच्याला हे बोलून दाखवलं तेव्हा तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, “मलापण हिंजवडीत हेच सांगतात. सगळं डॉक्युमेंट करून ठेव.”

तुमच्याकडे रतीब येत असेल तर एवढं करा. सुट्टीला जाताना ‘बंद’ म्हणू नका, ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खाडा’ म्हणा. परतायचा दिवस नक्की नसेल तर तसं सांगा. रात्री अकराला मेसेज टाकून सकाळी पिशवी आली म्हणून चिडू नका, उद्याची यादी नऊलाच गोठलेली असते. पत्त्यात विंग लिहा. आणि मजला. तुमची पिन कितीही अचूक असली तरी ती तळमजल्यावरच पडते.

मामा ३० तारखेला शेवटची लाईन टाकून गेले. नारळ, शाल, पेढे सगळं झालं. काही घरांनी पाकिटं दिली. आज्जी टेकडीवर न जाता दारात थांबल्या होत्या.

एक तारखेला नवा पोरगा निघाला. विशीतला, स्कूटरच्या हँडलला फोन अडकवलेला. पहिल्या दिवशी त्याला अर्धा तास जास्त लागला, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी गाळ्यावर परत आल्यावर त्यानं भाच्याला फोन करून विचारलं, त्या ‘का?’च्या जागेत मी लिहिलं तर चालेल का? लिही म्हणाला. त्यानं एका थांब्याची वेळ दहा मिनिटांनी पुढे ढकलली आणि समोर टाइप केलं: ‘बी विंगची लिफ्ट सव्वापाचला चालू होते.’

मामांच्या ३१ कारणांत हे नव्हतं. मामा तिथे जिन्यानंच चढायचे.